सेंगाची सही

९ ऑक्टोबर

सहाव्यांदा आला तो 'पीटर'. आज झोपला! माझे दोन्ही हात त्याच्या पाठीवर आणि हा चक्क घोरतोय. मी हात उचलले नाहीत. वेळ संपून दहा मिनिटं झाली तरी तशीच बसून राहिले, पाय बधिर झाले. बाहेर आल्यावर आमचं स्पर्शोपचाराचं केंद्र चालवणाऱ्या बिरुंगी मॅडम कुजबुजल्या, "ग्रेस, पुढची बाई खोळंबली आहे." (ग्रेस हे माझं तिथलं नाव. खरं नाव तिथे कुणीच सांगत नाही.) खोळंबू दे!

पहिल्या दिवशी याच्या खांद्याला बोट लावलं तर गादीवर ताडकन उठून बसला होता. डोळ्यांवरची पट्टी त्याने आपणहून मागून घेतलेली, समोरचा माणूस दिसला तर जमणार नाही म्हणून. त्यामुळे मला त्याने अजून पाहिलेलं नाही. आधीचं बोलणं मॅडम करतात. कार्डावर त्यांनी लिहिलं होतं — 'स्पर्श सहन होत नाही. कारण सांगत नाही. सावकाश.' तिसऱ्या खेपेला पट्टीआडून स्वतःच बोलला. शाळेचं वसतिगृह, तिथला वॉर्डन, याचं वय अकरा. चार वाक्यं, बस. आणि मग, लग्न करायचंय म्हणाला.

त्याच्या श्वासाला माझा श्वास लावला. आमची पद्धत तीच — आधी श्वास, मग तोंड मिटून लांबवलेला 'म्म्म', आणि सगळ्यात शेवटी हात. मॅडम याला तंत्र म्हणतात, केप टाऊनला शिकून आल्या. त्यांचं व्याख्यान मला अर्धंच कळतं. हातांना कळतं.

सहा खेपांत फक्त हात, खांदे, पाठ. इतरांच्या अंगभर हात फिरतो, पायाच्या नखापासून टाळूपर्यंत, संकोच न ठेवता. याला तेवढंही पुष्कळ झालं. दोन्ही अंगठे मुठीत दाबून पडायचा नेहमी. आज मुठी सुटल्या होत्या.

११ ऑक्टोबर

वहिनीच्या बहिणीला दादा सांगत होता, "हाडांच्या दवाखान्यात आहे ती. म्हाताऱ्यांचे गुडघे चोळते." मी मान डोलावली. घरी मीच तसं सांगितलंय.

१४ ऑक्टोबर

नामुकासाचं ठरतंय! दादाची थोरली. मुलाचं नाव वालुसिंबी, जमीनमोजणीच्या कचेरीत आहे. रविवारी आधी माझ्याकडे येणार. मुलाने पहिल्यांदा सेंगाच्या दारात यायचं — मुलीच्या बापाच्या बहिणीच्या. तिने पसंत केला तर त्याचं पत्र तीच सही करून बापाकडे नेते. सही नाही तर सोयरीक नाही. शिवाय लग्नापर्यंत मुलीला जवळ बसवून नवराबायकोचं सगळं शिकवायचं, तेही सेंगानेच.

दादा म्हणाला, "तू एकच बहीण मला. दुसरी कुठून आणू?" टोमणाच तो! माझं स्वतःचं लग्न मोडलेलं, आणि संसार टिकवायला मी शिकवायचं. नऊ वर्षं मूल झालं नाही म्हणून सासरच्यांनी मला गादी-भांड्यांसकट दादाच्या दारात आणून उतरवलं. नवऱ्याला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. विचारलंसुद्धा नाही! तेव्हापासून मागच्या अंगणातल्या या दोन खोल्या. नामुकासा तेव्हा दहाची होती. महिनाभर माझ्या पांघरुणात येऊन झोपायची, मी रडू नये म्हणून.

पोरीचं चांगलं होऊ दे. माझ्यासारखं नको.

१९ ऑक्टोबर, रविवार

तोच आहे. पीटर. तोच!

पांढरा पायघोळ कांझू, वर कोट. बरोबर काका आणि एक मित्र. मी ठेवणीतला झगा, गोमेसी, नेसून, पट्टा घट्ट बांधून, चटईवर गुडघे टेकून बसलेली. दारातून वाकून आत आला, बसला, आणि दोन्ही अंगठे मुठीत घातले. मग हनुवटी पाहिली, कान पाहिले. शंकाच नको.

वाटलं, त्याने मला पाहिलेलं नाही, निभावून नेऊ. चघळायला कॉफीच्या बियांची परडी पुढे केली, त्याने दोन उचलल्या. विचारपूस सुरू झाली — घर कसं, कामधाम कसं, वाट कशी होती. आमच्याकडे विचारपूस शेवटी हुंकारावर येते. तू 'म्म', मी 'म्म', पुन्हा तू. आणि तिथेच मी घसरले. घाबरले होते, घाबरले की मी श्वास लांबवते, इतक्या वर्षांची सवय. 'म्म्म' निघाला तो कामावरचा! गादीपाशी बसून काढते तसा, पोटातून.

त्याच्या हातातली बी खाली पडली.

काका विचारतोय, "काय रे, कडू लागली?" हा माझ्याकडे बघतोय. पहिल्यांदाच. मी परडीकडे बघतेय. बाकी सगळे हसताहेत, नवरामुलगा लाजला म्हणून! नामुकासा पडद्यामागून उकडलेल्या केळ्यांचं मटोके घेऊन आली, तीही हसली. मी तेवढ्यात पाणी आणायला म्हणून उठले आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

पत्र ठेवून गेलेत. पेटीवर पडलंय.

२० ऑक्टोबर

सासूला चुकून जरी हात लागला तर जावयाचे हात आयुष्यभर कापतात, असं आमच्याकडे मानतात. सेंगाचं काय, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

२३ ऑक्टोबर

दादा दारात. "पत्राचं काय झालं?"

"बघते."

"काय बघतेस? मुलगा दारू पीत नाही, चर्चला जातो, नोकरी आहे. तुला आणखी काय दिसलं त्याच्यात?"

काय सांगू! जे दिसलं ते कुठे दिसलं, तेही सांगावं लागेल. मग मी या अंगणात दोन दिवस तरी राहीन का? वहिनी माझी भांडी वेगळी करील. 'आंबटशौकिनांचं घर' म्हणते ती असल्या जागांना, तिला वाटतं तिथे एकच गोष्ट होते. तसे येतात काही. मॅडम त्यांना फाटकातूनच वाटेला लावतात. पण हे दादाला समजावणार कोण, मी?

आणि माझं राहू दे. त्याचं? गादीवर सांगितलेलं फाटकाबाहेर न्यायचं नाही, ही मॅडमची शपथ मी घेतलेली आहे. नुसती शपथ म्हणून नाही. अकरा वर्षांच्या पोराचं दुःख मी दादाच्या ओसरीवर मांडू?

पण न सांगता सही केली तर? सहा खेपांनी कुठे एक पाठ मोकळी झाली. नामुकासा दोन वर्षं, चार वर्षं वाट बघेल. मूल नाही. आणि मग तिची गादी-भांडी कुणीतरी आणून उतरवील. त्याला कुणी काही विचारणार नाही. हे मला पाठ आहे.

इकडून भिंत, तिकडून भिंत. श्वास घ्यायला मी इतरांना शिकवते, मलाच येईना.

२८ ऑक्टोबर

तो आला. 'पीटर'च्या नावावर, साडेतीनची वेळ. मी आत गेले तर कपडे अंगावर, पट्टी बाजूला, गादीच्या कडेला बसलेला. मी आपोआप गुडघे टेकायला गेले, घरी पाहुण्यापुढे टेकतो तसे — आता हा घरचा पाहुणा की कामावरचा? मध्येच थांबले, वेड्यासारखी अर्धी वाकून.

"बसा ना सेंगा," म्हणाला. इथे मला आजवर या नावाने कुणी हाक मारलेली नव्हती.

मग म्हणाला, "नाही म्हणायचं असेल तर म्हणा. तुमचा हक्क आहे. फक्त कारण दुसरं सांगा. उंची सांगा, गोत्र सांगा, काहीही. शाळेचं नको. तिला तर अजिबात नको."

मी म्हटलं, "इथलं मी कुठे नेत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्यापुढे बोललो." मग दाराकडे बघत, "आता पुन्हा येता यायचं नाही मला इथे. नाही का?"

मी हो म्हटलं. काय करणार! सेंगाने जावयाची पाठ चोळायची? तो उठला. एवढ्या मुश्किलीने माणूस मोकळा होत होता, त्याची जागाच गेली. माझ्यामुळे गेली. जाताना हात पुढे केला त्याने — त्याने! मी धरला. कापत नव्हता. माझा कापत होता.

३० ऑक्टोबर

मॅडमना नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन नात्यांच्या दोन टोप्या घालून या खोलीत येता येत नाही, ग्रेस. एक बाहेर ठेव." कुठली ठेवू ते नाही सांगितलं. चहा मात्र दिला, आल्याचा.

४ नोव्हेंबर

कमाल झाली. सही नाही, तरी दादाने शिकवणी सुरू करायला लावली! "लग्नाचा मोसम निघून जाईल," म्हणे. नामुकासा संध्याकाळी येऊन बसली. भुईमूग सोलत होतो. मी जुन्या सेंगांसारखं सुरू केलं — नवऱ्याचं अंग कसं पुसावं, कमरेला मणी कसे घालावे, लाज कुठे ठेवावी आणि कुठे ठेवू नये. ती खुसूखुसू हसत होती.

मग मी हळूच सोडलं, "आणि समज, नवरा जवळच आला नाही तर?"

"तर थांबायचं."

"किती?"

"मला कुठे घाई आहे?"

तुला नसेल ग! बाकी सगळ्यांना असते. सासूला असते, शेजारणींना असते, चर्चमधल्या बायका पोटाकडे बघून विचारपूस करतात. मी जोरात म्हटलं, "तुला काही कळत नाही!" तिने दाणे माझ्या वाटीत टाकले आणि म्हणाली, "ओरडतेस काय सेंगा? तूच म्हणायचीस ना, पोळलेल्या कातड्यावर आधी हात धरायचा वरच्या वर, टेकवायचा नाही. मी लहान असताना, पाय भाजला तेव्हा." 

निरागस पोर. मला तिच्याकडे बघवेना.

९ नोव्हेंबर

कामावर चूक. नेहमीची शिक्षिका बाई, दर महिन्याला येते, नवरा गेल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही म्हणून येते. निम्म्यातच म्हणाली, "आज तुम्ही इथे नाही आहात." खरं होतं. माफी मागितली. पुन्हा श्वासापासून सुरुवात केली.

१३ नोव्हेंबर

नकाराचं पत्र लिहिलं. कारण — उंची. वाचून स्वतःचीच लाज वाटली. फाडलं.

होकाराची सही करायला घेतली. 'ना' लिहिला, माझ्या खऱ्या नावाचं पहिलं अक्षर, आणि पेन थांबलं. माझ्या लग्नाच्या पत्रावर कुणा सेंगाने अशीच सही केली असेल ना, मनात काहीतरी दाबून? माझ्या सेंगाला नवऱ्याकडचं काही ठाऊक होतं का? ती मेली. आता कुणाला विचारू.

१७ नोव्हेंबर

दादा चिडलाय. जेवताना सगळ्यांसमोर, "स्वतःचं बुडालं म्हणून दुसऱ्याचं तरू द्यायचं नाही काहींना." वहिनी ताटात बघत राहिली. नामुकासा उठून गेली. ओरडावंसं वाटलं — अरे, मी तिला वाचवतेय की बुडवतेय हेच मला कळत नाही, तुला कुठून कळणार!

शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे.

१९ नोव्हेंबर

ठरलं. त्याचं काहीच सांगणार नाही. माझं सांगणार. मी कुठे जाते, काय करते, अंगाला हात कसा लावते, सगळं. नामुकासाला, तिला एकटीला. मग म्हणणार, आता मी सही का करत नाही ते मला विचारू नकोस, लग्नाआधी त्यालाच नीट विचार. एवढ्यावरून ती काय ते समजेल. किंवा माझ्या तोंडावर थुंकेल. जिच्या पांघरुणात झोपायची ती सेंगा असली निघाली म्हणून. बापाला सांगेल, तर आठवडाभरात मी रस्त्यावर.

बॅग काढून ठेवली आहे. दोन गोमेसी, तेलाच्या बाटल्या, ही वही.

पोरीला गमावेन. हे नुसतं लिहितानाही रडू येतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं. सकाळीच, स्वयंपाकघरात, ती केळी सोलत असताना. माझं सगळं सांगितलं, त्याचं एक अक्षर नाही. सुरी थांबली नाही तिची. म्हणाली, "मला दोन वर्षांपूर्वीच कळलं, सेंगा. तुझा फोन दुरुस्तीला मीच नेला होता ना. ग्रेसच्या नावाने मॅडमचे सगळे निरोप होते त्यात." मग सुरी खाली ठेवली. "मी जवळ गेले की तो दचकतो. का, ते सांगत नाही, मी विचारणारही नाही. त्याला तिथे मीच धाडलं. 'ग्रेस'चीच वेळ मागून घेतली. मला शिकवायला सेंगा आहे. त्याला कोण होतं?"