बिगोनियाचं पांघरूण

ता. ९ मार्च, मंगळवार

माझ्या रुसूबाईला,

आजीचे आशीर्वाद. फोनवर तू "हं, हं" करून सटकतेस, म्हणून हा कागद. कागदाला "हं" म्हणून भागत नाही. अक्षर तुझ्या आईचं, बोल माझे. ती मधेमधे सभ्य शब्द घुसवायला बघते, पण मी सगळं परत वाचून घेते.

इकडे बरं आहे. गुडघे कुरकुरतात, ऐकतं कोण. तुझ्या बाबांनी रोपवाटिकेच्या शेडची जाळी बदलली, तीही उलटी लावून. टोमॅटोच्या बियांवर यंदा तुझं ते चमचमणारं व्हर्मिक्युलाइट घातलं. हलकं आहे, ओल धरतं, वर पापुद्रा येत नाही, कोंबाला डोकं काढताना दम लागत नाही. माझ्या चाळलेल्या मातीपेक्षा दोन दिवस आधी उगवलं. हे तुझ्या बाबांना मी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

आता बिगोनिया. उद्यानवाल्यांनी पुन्हा तीस ट्रे मागितलेत. पेरायला दहा दिवस उरले. गेल्या वर्षी तू पेरलेले तीस कोरे राहिले, तेव्हा त्यांच्या साहेबांसमोर मी म्हणाले होते, "शिकून आली, पण हात नाही आला." चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या रोपवाटिकेत कामाला लागलीस.

गेल्या महिन्यात मी दोन ट्रे पेरून बघितले. एकावर बोटभर कोकोपीट, आपला नारळाचा भुसा. दुसरा उघडा, नुसती काच ठेवून, तू सांगायचीस तसा. मनात होतं, दोन्ही उगवावेत. झाकलेला अजून तसाच आहे. उघडा हिरवागार झालाय. धुळीएवढं बी, पण त्याला उजेड लागतो म्हणजे लागतो.

तुझी आई विचारतेय, गेल्या वर्षी पोरीनेही उघडेच ठेवले होते ना, मग? सूनबाई, तू लिही, विचारू नकोस.

बरं, लिही. तू तीन दिवस मावशीकडे गेलीस तेव्हा ते ट्रे मला उघडे दिसले. वाटलं, पोर घाईत विसरली. उघडं बी दिसलं की मला अंगावरचं पांघरूण सरकलेलं लेकरू दिसतं, हात थांबत नाही. तीसच्या तीस ट्रेंवर मी कोकोपीट पसरलं. कोकोपीटवर कोकोपीट, वर पाणी. आल्यावर तुला काय कळणार? ट्रे कोरे राहिले तेव्हा मला मात्र कळलं होतं. साहेबांसमोर तोंड उघडायच्या आधीच कळलं होतं. म्हणूनच एवढ्या मोठ्याने बोलले.

तुझ्या आईचं पेन थांबलंय. म्हणते, "आई, मीसुद्धा तिला बोलले होते हो." बोललीस, माझ्यामुळे. तेही लिही.

काल साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. ते विचारत होते, मग यंदा पेरणार कोण? म्हटलं, जिचं चुकलं नव्हतं ती, आली तर. नाहीतर ऑर्डर सोडते. बाकी कुठलंही बी आणा, माझ्याइतकं कुणी उगवून दाखवणार नाही. हे एक सोडून.

नोकरी सोड असं म्हणत नाही. दोन दिवस ये. रागावलेलीच ये, चालेल. तू पेर, मी काचा पुसून देते. ट्रेजवळ मला फिरकू देऊ नकोस. मी ऐकणार नाही, तरी देऊ नकोस.

तुझंच खरं होतं हे सगळ्यांत आधी ओळखणारी आणि सगळ्यांत शेवटी सांगणारी,

तुझी आजी