टाकीवरचं नाव

२२ जून, रविवार, संध्याकाळ
आज घाटात मोटरसायकल बंद पडली. म्हणजे बंद पडली नाही, थांबली. दोन्हींत फरक आहे.

सासूबाईंकडून उतरताना एका वळणावर इंजिनाचा आवाज एकदम गेला. उतारावर बिनआवाजाची गाडी घरंगळते तेव्हा कसं छान शांत वाटतं. मागून येणाऱ्या मालट्रकला तसं वाटलं नसावं. तो हॉर्न दाबूनच आला आणि आमच्या कोपराला वारा घालून गेला. मागच्या सीटवर नोहेलिया एक शब्द बोलली नाही. बायको गप्प असते तेव्हा विचार करत असते. मला ते आवडत नाही.

इंजिन गार झाल्यावर पहिल्याच किकला सुरू. निदान: स्पार्क प्लग. मी नुसत्या कानाने सांगतो. गाडी शर्यतीची आहे, शहाऐंशीचं मॉडेल. टाकीवर लाल अक्षरांत तसं लिहिलंय, अख्खं कालार्का गाव वाचतं.

संकल्प: १६ जुलैला ड्रायव्हरांच्या देवीच्या, कार्मेनमातेच्या मिरवणुकीत सगळ्या मोटरसायकलींच्या पुढे मी. मागे नोहेलिया, नव्या ब्लाउजमध्ये.

२४ जून
नवा प्लग. लोण्यासारखी चालली. चौकापर्यंत गेलो, कॉफी प्यायलो, परत आलो. विषय संपला.

२९ जून, रविवार
विषय संपलेला नाही. तेच वळण, तीच शांतता. त्या वळणावर तिथेच गेलेल्या एका ड्रायव्हरच्या नावाचा पांढरा क्रॉस आहे. क्रॉसवर गिधाड बसलं होतं, आम्ही घरंगळत गेलो तरी उडालं नाही.

नोहेलिया म्हणाली, अहो, ही गाडी जागा बघून बंद पडते. मग घरी आल्यावर म्हणाली, सोळा तारखेपर्यंत बंद पडायची थांबली तर तुमच्या मागे बसेन. नाही तर अन्सीसारच्या जीपमध्ये. आणि नुसती त्या दिवशी नाही, कायमची. मी हसलो. ती हसली नाही.

अन्सीसार म्हणजे तिचा भाऊ. घाटात जीप चालवतो, केळी आणि माणसं एकत्र भरतो. तो म्हणाला, दाजी, आधी इंजिनाचा नंबर बघा, सुटे भाग नंबरावर मिळतात, टाकीवर नाही. जीपवाल्यांनी शर्यतीच्या गाड्यांबद्दल बोलू नये, असं मी त्याला सभ्य भाषेत सांगितलं.

१ जुलै
निदान बदललं: टाकीखालची कॉइल, प्लगला वीज देते ती. शहरात फाबिओलाबाईंच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, इंजिनाचा नंबर? मी टाकीवरचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, लिबार्दोभाऊ, टाकी काय, कुणाचीही बसते. तुम्ही टोपी बघून माणूस ओळखता का? मी म्हटलं, ओळखतो. त्यांनी कॉइल दिली आणि विजेचा माल परत घेत नाही म्हणून बजावलं.

घरी आल्यावर नंबर बघणारच होतो. सिलिंडरच्या खाली आहे, वर वर्षानुवर्षांचं तेल आणि माती घट्ट झालेली. फडकं घेतलं. परत ठेवलं. इतकं जुनं तेल खरवडणं इंजिनाला बरं नसतं.

६ जुलै, रविवार
धुकं. आज चढावरच गेली, क्रॉसच्या अलीकडे. कॉइल कोरी करकरीत असताना. ह्याला म्हणतात नशीब.

मागून ट्रक येतील म्हणून नोहेलिया पांढरी शाल हलवत वळणापर्यंत चालत गेली. थोडा वेळ शाल दिसत होती, मग दिसेना. खालून एक ट्रक गिअर बदलत चढत होता. मी दोनदा हाक मारली. ट्रक आला, गेला. मग ती धुक्यातून आली, शालीला चिखल. ट्रकने तिला कठड्यापर्यंत ढकललं होतं म्हणे, नुसत्या वाऱ्याने.

मला फार भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

८ जुलै
आता पक्कं निदान: सीडीआयचा डबा. प्लगला ठिणगी कधी द्यायची ते हा डबा ठरवतो. म्हणजे गाडीचा मेंदूच म्हणा. मेंदू बिघडला की बाकीच्यांनी काय करायचं? शर्यतीच्या मॉडेलचाच डबा मागून घेतला. फाबिओलाबाईंनी पुन्हा नंबर विचारला. मी पुन्हा टाकी सांगितली. त्या म्हणाल्या, निदान वायरींचे रंग तरी जुळवून बघा हो.

बघितले. डबा टक् करून बसला. चुकीचा असता तर बसला असता का? दोन वायरींचे रंग जुळेनात. सगळ्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. आता जुळतात.

९ जुलै
किक मारली तर किकने मला मारलं. नडगी वांग्यासारखी सुजली आहे. ताकद वाढल्याचं लक्षण.

अन्सीसार ऐकत उभा राहिला. म्हणाला, दाजी, ठिणगी वेळेच्या आधी पडतेय. इंजिन उलटं मारतंय, एखाद्या दिवशी पाय मोडेल. मी म्हटलं, माझा पाय आहे. गाडी जागेवर चालू ठेवली की आतून कुणीतरी दार ठोठावल्यासारखा आवाज येतो. नवीन भागाला बसायला वेळ लागतो.

१३ जुलै, रविवार
विजय! घाट चढलो, घाट उतरलो, एकदाही बंद नाही. ठोठावणं जोरात, करपल्याचा वास, पण बंद नाही. क्रॉसपाशी मी मुद्दाम हॉर्न वाजवला.

नोहेलियाने आज माझी कंबर धरली नाही. मागचा लोखंडी दांडा धरला, दोन्ही हातांनी. उतरल्यावर बोटं उघडेनात. म्हणाली, बंद पडली नाही, खरंय. शब्द दिलाय, बसेन. बाई शब्दाची पक्की. तिचं तोंड असं का झालं होतं कळलं नाही.

१६ जुलै, बुधवार, दुपार. दवाखान्याचा व्हरांडा
घडलं ते नीट लिहून ठेवतो, उद्या लोक वाटेल ते बोलतील.

मिरवणूक झकास निघाली. फुगे, फुलं, शंभर हॉर्न, पुढे जीपवर कार्मेनमाता. मोटरसायकलींत मी पहिला, मागे नोहेलिया नव्या ब्लाउजमध्ये. चर्चपुढे पाद्रीबाबा तीर्थ शिंपडत एकेका गाडीपाशी येत होते. आमच्याकडे गाडी चालू असतानाच तीर्थ पडावं लागतं. बंद गाडीला आशीर्वाद लागत नाही, वर्षभर धास्ती. त्यामुळे कुणी इंजिन बंद करत नाही.

मागच्या नंबर प्लेटवरची फुलांची माळ सुटली. नोहेलिया उतरून ती बांधायला वाकली. म्हणाली, अहो, जरा बंद करा. मी म्हटलं, वेडी की काय, बाबा दोन गाड्यांवर आलेत. तेवढ्यात इंजिनाला उचकी लागली. मरतंय असं वाटलं, पण सावरलं. आवाज थोडा वेगळा. देवीची कृपा, असं मी मोठ्याने म्हणालो.

तीर्थ पडलं. नोहेलिया बसली असं समजून मी पहिला गिअर टाकला आणि ऐटीत क्लच सोडला. गाडी मागे गेली.

पहिल्या गिअरमध्ये मागे. मला वाटलं चुकलं काहीतरी, म्हणून अजून रेस केली.

नोहेलियाचा घोटा दोन ठिकाणी मोडलाय. डॉक्टरांनी तिला विचारलं, कशाची धडक बसली? ती म्हणाली, नवऱ्याची.

१८ जुलै
नंबर खरवडला. पाच मिनिटांचं काम होतं.

फाबिओलाबाईंना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी तो वहीत शोधला. मग म्हणाल्या, लिबार्दोभाऊ, हे इंजिन दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीचं आहे. टाकी आणि सीट शर्यतीची, पोटात दूधवाला. शर्यतीच्या डब्याला कमी वीजही पुरते म्हणून बंद पडणं थांबलं, पण तो ठिणगी फार आधी टाकतो. असलं इंजिन हळू फिरताना धक्का खाऊन उलटं फिरायला लागतं आणि उलटंच चालत राहतं. मुळात बिघाड होता इंजिनाच्या फिरत्या चाकाखालच्या, फ्लायव्हीलखालच्या लहान कॉइलमध्ये, तापली की वीज द्यायची थांबते. नंबर दिला असता तर पहिल्याच दिवशी हातात ठेवली असती.

म्हणजे बिघाड ठिणगीत आहे, हे मी पहिल्यापासून बरोबर म्हणत होतो.

नोहेलियाला सांगितलं. म्हटलं, आता अचूक भाग आणतो, प्लास्टर निघेपर्यंत गाडी तयार. ती छताकडे बघत होती. म्हणाली, अन्सीसारला निरोप द्या, मला आईकडे सोड म्हणावं. मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, बघू.

२० जुलै, रविवार
अन्सीसारने तिला उचलून जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं. पाय उशीवर. माझ्यासाठी मागे केळीच्या घडांमध्ये जागा केली. म्हणाला, या दाजी, तेवढा घड पायाने धरून ठेवा.

मागून रस्ता दिसत नाही. फक्त त्या दोघांची डोकी दिसतात आणि वळण अंगावर आल्यावरच कळतं. अन्सीसार काही जोरात चालवत नव्हता. तरी दर वळणाला माझा पाय ब्रेक शोधत होता, तिथे केळी होती. समोरून ट्रक आला तेव्हा मी दांडा धरला.

मी म्हणालो, हळू.

वाऱ्यात अन्सीसारला ऐकू गेलं नाही. नोहेलियाला गेलं असावं. ती वळली नाही.