हाक आली तर आत

मी, हाराता पायराउ, राहणार हॉकिआंगा, न्यूझीलंड, वय एक्क्याऐंशी, धंदा राजकारण (सध्या घरातल्या घरात), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. विरोधकांनी कधीच दिला नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. राहते घर मुलगी अनिहेरा हिला.

२. वाम मासे धुरावर सुकवायची खोपटी भावजय रिपेका हिला. आजवर चोरून नेलेले मासे माफ.

३. शिल्लक सगळी आमच्या भाषेच्या शाळेला. सरकारने बळकावलेल्या आमच्या जंगल-जमिनीचा मी सरकारशी अर्ध्यावर करार केला, त्यातून ही शाळा उभी राहिली. त्या सहीपायी अर्धी जमात मला 'विकलेली' म्हणते. म्हणू दे! आमचे लोक अर्ज करकरून म्हातारे झाले, मी अर्धं जंगल परत आणलं. उरलेलं शिव्या देणाऱ्यांनी आणावं, कोणी अडवलंय? मला त्या सहीचा अभिमान आहे.

४. थोरला भाऊ पाओरा यास काहीही नाही. करारानंतर मी आमच्या मराएवर, पूर्वजांच्या सभाघरी गेले. आतल्या बाईने हाक घातल्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. हाक घालायचा मान त्याच्या बायकोचा, रिपेकाचा. पाओराने तिला गप्प बसवलं. वर फाटकाशी येऊन म्हणाला, "काय गं, जंगल विकून झालं, आता अंगणाला गिऱ्हाईक आणलंस?"

"आणलं असतं रे, पण तुझ्यासकट कोण घेणार?" म्हटलं आणि फिरले. घरी येऊन खूप रडले. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

५. मला मराएमागे, आईशेजारीच पुरावं. म्हणून पेटी त्याच फाटकाशी न्यावी. हाक आली तर आत. मग पेटी उघडी ठेवावी आणि ज्याला जे बोलायचंय ते रीतीप्रमाणे माझ्या तोंडावर बोलावं. मी मध्ये बोलणार नाही. असं पहिल्यांदाच घडेल.

हाक आली नाही तर कोणी विनवण्या करू नयेत. पेटी माझ्या दिवंगत नवऱ्याच्या गावी न्यावी. ते लोक मला मिरवत नेतील. आपलं माणूस दुसऱ्यांकडे राहू दिलं म्हणून पाओराची मग जन्मभर छी-थू होईल. ती नको असेल तर आमच्या रीतीने त्याला तिथे यावं लागेल, चारचौघांत उभं राहून माझा मोठेपणा सांगावा लागेल, भांडून मला परत मागावं लागेल.

पाओरादादा, रिपेकाला हाक घालू दे. नाहीतर भाषणाच्या तयारीला लाग.

(सही) हाराता पायराउ

वरील सही आमच्यासमोर झाली. सही करताना बाई हसत होत्या.
साक्षीदार: १. तुरेई, पोस्टमास्तर २. मिरियामा होहेपा, नर्स

हॉकिआंगा, १४ जून २००७