डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर

माय, तू गेलीस त्या वयाच्या मी आता कितीतरी पुढे आले आहे. अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवते, एका खोलीत एकटी राहते. आज इतवार आहे. सकाळपासून कोणाशी एक शब्द बोलले नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक असून.

इथल्या बायांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत. छातीत गाठ होऊन येणाऱ्या बायांवर त्या शस्त्रक्रिया करतात आणि काढलेली गाठ तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवतात. शिवाय प्रत्येकीची हकीकत लिहून घेतात. गाठ कधी हाताला लागली, कोणाला सांगितली, दवाखान्यात यायला इतका उशीर का झाला. "हे कळल्याशिवाय नुसता चाकू चालवून काय उपयोग?" असं त्या म्हणतात. या कामासाठी आम्ही चार शिक्षिका वर्गणी गोळा करतो. एका वकिलांच्या घरी मला खुर्ची दिली, सरबत दिलं. वर्गणी कशासाठी ते सांगितल्यावर वकीलीणबाई आतल्या दाराकडे बघत म्हणाल्या, "हळू बोला. हे घरात आहेत." वर्गणी दिली, पण यादीत नाव घालू दिलं नाही.

बाजाराच्या कोपऱ्यावर वांगी, मेथी विकणारी एक बाई बसते. तिच्याकडे मी सहज थांबले होते. तिनं सगळं ऐकलं आणि हातातला तराजू खाली ठेवला. "बाई, ते गाठ दुखते का?"

"सुरुवातीला नाही दुखत."

"मंग मले हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं. वाटेत तिनं विचारलं, "तुमाले कसं मालूम हे सारं?" मी म्हटलं, "माझ्या मायले होतं." इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. ती माझा हात धरून बसली. तिची गाठ वेळेवर निघाली. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, पण ती आता पुन्हा आपल्या जागेवर बसून भाजी विकते.

तिच्याकडूनच डॉक्टरीणबाईंना तुझं कळलं. परवा त्यांनी मला समोर बसवून घेतलं. तुझं वय, तुझी लेकरं, मोर्शीकडचा आपला संत्र्यांचा मळा, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "घरात कोणाला कधी कळलं?"

आणि मी आपल्या सैपाकघरात जाऊन उभी राहिले. मी अकरा वर्षांची आहे, मळ्यात संत्री लागली आहेत. तू चुलीपाशी पाठमोरी बसून छातीवर कडुनिंबाचा वाटलेला पाला बांधते आहेस. मी विचारते, "काय झालं व माय?" तू दचकून पदर ओढून घेतेस आणि माझ्यावर अशी ओरडतेस, जशी कधीच ओरडली नव्हतीस. "काहून आली इथं? तुया बापाले सांगशीन त माही आण हाय तुले!" मग पुढच्या बाजाराहून तू माझ्यासाठी लाल रिबीन आणतेस. मी ती वेणीला बांधून गावभर मिरवते. बाबांची संत्र्यांची गाडी दर आठवड्याला अमरावतीला जायची, थेट तिथल्या दवाखान्याच्या फाटकासमोरून. तू कितीदा त्या गाडीत बसली होतीस. मीही तुझ्या शेजारी बसले होते. बाबांनी बैल तिथंच थांबवले असते, माय. त्यांना कोणी सांगितलं असतं तर.

तू गेलीस तेव्हा पुन्हा संत्री लागली होती. एक वर्ष होतं आपल्या हातात.

"घरात कोणालाच माहीत नव्हतं," मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "अगदी शेवटी कळलं." त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, माझे आभार मानले. अशाच हकीकतींवरून त्या पुढच्या बायांसाठी काही शिकणार आहेत, आणि त्यातली तुझी मी खोटी करून ठेवली. काल त्या रस्त्यात भेटल्या. आम्ही उन्हाबद्दल बोललो, शाळेबद्दल बोललो, बराच वेळ उभ्या होतो. मी सांगितलं नाही.