परत केलेला लॅपटॉप

तिझनीत, सोमवार

प्रिय कल्सूम,

अल्लाह तुला निरोगी ठेवो आणि तुझ्या कष्टांत बरकत देवो. गेल्या वर्षीच्या त्या बुधवारी सकाळी मी काय केलं, ते तुला पूर्ण ठाऊक नाही. तू आईबरोबर भाकऱ्या भाजत होतीस. मी लॅपटॉपचा खोका जेलाब्याच्या झग्याखाली बगलेत धरला आणि नेहमीचा रस्ता सोडून चांदीवाल्यांच्या मागच्या बोळाने इद्दरच्या संगणकाच्या दुकानाकडे गेलो. चहाच्या दुकानासमोर बसलेली माणसं बघतील आणि विचारतील, म्हणून. इद्दर नुकताच शटर वर करत होता. खोका फळीवर ठेवून मी एवढंच म्हणालो, "नको." तो हसला. "दा बीही, तीन दिवस ठेवून घेतलात! एवढ्यात लोक पोरीचं स्थळ पक्कं करून मोकळे होतात. काय खोट निघाली?" मी म्हणालो, "काही नाही. नको, एवढंच." त्याने खोका उघडून यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खोट नाही म्हणता आणि नकोही म्हणता. आता हे मी कुणाच्या गळ्यात बांधू?" त्याने चहा मागवला होता. मी तो न घेताच निघालो.

त्याआधीचे तीन दिवस मला वर्षभर आठवत राहिले आहेत. मराकेशच्या संस्थेचं पत्र आलं होतं. संगणकाचा दोन वर्षांचा अभ्यास, राहायला मुलींचं वसतिगृह, आणि अट एकच, की प्रत्येकीकडे स्वतःचा लॅपटॉप हवा. आईने भरतकामाचे पैसे बाजूला ठेवले होते, तेव्हा तीही अडचण नव्हती. प्रश्न राहिला तो यंत्र भरवशाचं आहे की नाही एवढाच, आणि सगळा गाव तो प्रश्न ज्याला विचारायला येतो तो माणूस तुझा बापच होता. आपण दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या यंत्राची काय परीक्षा घेतली! झाकण शंभर वेळा उघडलं आणि मिटलं; तू मोजत होतीस आणि साठाच्या पुढे तुला हसू आवरेना. चार्जरची पिन मी भोकात हलवून हलवून पाहिली, कारण नव्या यंत्राचं पहिलं दुखणं तिथेच निघतं. दुपारच्या नमाजला जाताना वायर काढून त्यावर सिनेमा लावून ठेवला. तिसऱ्या प्रहरी असरची नमाज पढून आलो तरी चालूच. भर उन्हात पत्र्याखाली ठेवून तळाला हात लावून पाहिला. तू शेजारी बसून पडद्यावरचं फ्रेंच वाचून सांगत होतीस. "बाबा, तापमान साठ. बाबा, डिस्क ठीक आहे म्हणतोय. बाबा, आता पुरे करा, दमला तो." तिसऱ्या संध्याकाळी निकालही तूच दिलास. "पास झाला. आता तुम्ही त्याला नापास करायला कारण शोधताय." तू चेष्टेने म्हणालीस. मी खाली मान घालून स्क्रू ड्रायव्हर आवरायला लागलो.

घरचं सांगायचं तर आई बरी आहे. गुडघा पायऱ्या चढताना दुखतो, पण ऐकत नाही. तुझ्यासाठी बदामाचं अम्लू करून ठेवलंय, गेल्या वेळेपेक्षा मध कमी घातलाय म्हणे, तुला आवडतं तसं. आपलं दुरुस्तीचं दुकान चालू आहे, असं म्हणायचं. गेल्या महिन्यात बुजमा मास्तरांचा संगणक आला होता. चालू करताच पडद्यावर एक प्रश्न आला आणि खाली दोन चौकटी. असा प्रश्न आला की तू डावीकडची चौकट दाबायचीस, म्हणून मीही डावीकडची दाबली. प्रश्न वेगळा होता. मास्तरांची पंधरा वर्षांची कागदपत्रं गेली, मुलीच्या लहानपणचे फोटो गेले. ते भले गृहस्थ, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "सी बीही, काय लिहिलंय ते वाचलं नाहीत का?" मी म्हणालो, हात घसरला.

मला फ्रेंच येत नाही, हे तुझ्याशिवाय आणि आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मशिदीतल्या लाकडी पाटीवर मी अरबी शिकलो, गावच्या शाळेत तीन वर्षं काढली, आणि फ्रेंचचे मास्तर येण्याआधी वडिलांनी मला शेळ्यांमागे धाडलं. रेडिओ आणि टीव्हीच्या दिवसांत काही अडलं नाही. मग संगणक आले. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. शाळेतून येऊन उंच स्टुलावर बसायचीस, पाय लोंबकळत, आणि ब्रेडचा तुकडा चघळत पडद्यावरचं वाचून दाखवायचीस. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाप पोरीला शिकवतोय. बीहीचा हात लागला की यंत्र बोलतं, असं लोक म्हणायचे. बोलायचं ते तुझ्याशी. तू मराकेशला गेलीस तर मी त्या दुकानात एकटा कसा बसणार, हे माझ्या मनात संस्थेचं पत्र आलं त्या क्षणी आलं. तुझा आनंद बघण्याआधी ते आलं. पोरी, हे लिहिताना मला लाज वाटते, पण आता लिहायला बसलोच आहे.

त्या बुधवारबद्दल मग सगळंच लिहितो. यंत्रात खोट आहे असं मी तुला सांगू शकत नव्हतो. सगळे आकडे तूच वाचले होतेस. मी म्हटलं होतं, "उद्या पहाटे इस्तिखारा करतो, मग घेऊ." आपल्या घरात मोठं काही ठरवायचं तर हेच. दोन रकात नमाज पढायची, भलं असेल ती वाट उघड म्हणून अल्लाहकडे कौल मागायचा आणि मन कुठे कलतं ते पाहायचं. तुझ्या आईशी लग्न, हे दुकान, सगळं मी तसंच ठरवलं आहे. पहाटे मी मशिदीत गेलो, हे खरं. गार पाण्याने वजू केली, हेही खरं. खांबाजवळच्या चटईवर उभा राहिलो, आणि माझे हात काही वर गेले नाहीत. मन कुठे कलणार ते मला आधीच दिसत होतं. विचारलं असतं तर 'हो' ऐकावं लागलं असतं. म्हणून मी विचारलंच नाही. चार माणसांबरोबर फजरची नमाज पढलो आणि घरी येऊन तुला सांगितलं, "कौल घेतला. छाती मोकळी होत नाही. यात भलं दिसत नाही." आईने हातातली किटली खाली ठेवली. तू एकच विचारलंस, "लॅपटॉपमध्ये, की माझ्या जाण्यात?" मी म्हणालो, "दोन्हीत." तू बाहीने पडदा पुसलास, वायर नीट गुंडाळलीस, खोका बंद केलास आणि म्हणालीस, "बरं बाबा. अल्लाहला आपल्यापेक्षा जास्त कळतं." भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

आणि बघ, ज्यासाठी हे केलं तेही हाती राहिलं नाही. दोन महिन्यांत तू ऐत मेल्लूलला मावशीकडे गेलीस आणि टोमॅटो भरायच्या कारखान्यात उभी राहिलीस. त्या दुकानात मी एकटाच बसलो.

परवा शनिवारी मी इद्दरकडे गेलो. का, ते शेवटी लिहितो. दुकानात तिघे जण चहा पीत बसले होते. ते उठून जाण्याची वाट पाहावी असं वाटलं, पण पाहिली नाही. म्हणालो, "इद्दर, गेल्या वर्षी मी परत केला त्या लॅपटॉपमध्ये काही खोट नव्हती. मला मुलीला पाठवायचं नव्हतं." इद्दरने कपाळावर हात मारला. "हे सांगायला वर्ष लागलं, दा बीही? तुमच्या एका 'नको'ने ते यंत्र गावात कुणी हातात धरेना! शेवटी मावसभावाला दिलं. तो अजून दर ईदला विचारतो, बीहीला यात काय दिसलं होतं?" बाकीचे तिघे आपापल्या पेल्यांत बघत राहिले. मग मी नवा लॅपटॉप मागितला. त्याने दोन काढले. पहिल्याची चार्जरची पिन सैल होती, तो तिथेच बाजूला केला. दुसरा चालू केला, पडद्यावर ओळी आल्या, आणि मी म्हणालो, "इद्दर, हे वाच." तो म्हणाला, "तुम्हीच वाचा की." "मला येत नाही." "म्हणजे? इतकी वर्षं...?" "कल्सूम वाचायची." कोपऱ्यातले म्हातारे हाज्ज अंगलूस, तेच ते पांढऱ्या टोपीचे, मोठ्याने म्हणाले, "अरे देवा, म्हणजे दुरुस्ती लेक करत होती आणि दुवा आम्ही बापाला देत होतो!" सगळे हसले, मीही हसलो. इतक्या वर्षांची भीती, आणि ती अशी चहाच्या चार पेल्यांत संपली. बुजमा मास्तरांच्या घरी जाऊनही खरं सांगून आलो. ते हसले नाहीत. दार लावून घेतलं नाही, एवढंच.

दोन दिवस इद्दर वाचत होता आणि मी तपासत होतो. पण कंटाळतो फार, तुझ्यासारखा नाही. या लॅपटॉपबद्दल माझं मत असं: पंखा थोडा कुरकुरतो, त्याला घाबरू नकोस. उजव्या बाजूचा बिजागर घट्ट आहे, तेव्हा झाकण एका हाताने ओढू नकोस, दोन्ही हातांनी उघड. बॅटरी गेल्या वर्षीच्यापेक्षा अर्धा तास कमी चालते. चादरीवर ठेवून वापरू नकोस, तापतो. पण यंत्र भरवशाचं आहे. दोन वर्षं नक्की, जपलंस तर चार. हे माझं मत आहे, माझ्या हातांनी तपासून दिलेलं, आणि चुकलं तर चूक माझीच.

आता का लिहिलं ते. शुक्रवारी आई तुझ्याशी फोनवर बोलत होती तेव्हा मी कुसकुस मळायची परात घेऊन तिच्या शेजारीच बसलो होतो. तिने सांगितलं की संस्थेचे अर्ज पुन्हा निघालेत. तू म्हणालीस, "नको आई, बाबांनी कौल घेतला होता. ते माझ्यासाठी नव्हतं. मी आता दुआमध्येसुद्धा मागत नाही." परातीतले माझे हात तसेच राहिले. त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा." तरी मी पळवाट शोधलीच. मशिदीतले फकीह सी मुलूद यांना सगळं सांगून विचारलं, मुलीला सांगावं की नाही यासाठी इस्तिखारा करू का? ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुन्हा अल्लाहच्याच आड लपतोस?" म्हणून लिहितो आहे. नुसता लॅपटॉप पाठवला असता तर तू तो मावशीच्या कपाटात ठेवून दिला असतास, हे मी जाणतो. कल्सूम, अल्लाहने तुला नाही म्हटलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. नाही मी म्हटलं, आणि त्याच्या नावावर घातलं. त्याची क्षमा मी रोज मागतो. तुझी मागायला मला वर्ष लागलं. तू करशील की नाही ते तुझ्याकडे, मी घाई करणार नाही. कौल मागायचा असेल तर आता तुझा तू माग, मध्ये मी नाही. अर्ज पंधरा तारखेपर्यंत घेतात. वसतिगृहाला वडिलांची संमती लागते. तो कागद मी आज सकाळी नगरपालिकेच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहून, कारकुनासमोर सही करून, शिक्का मारून आणला. खोक्यात या पत्राखाली तोच आहे.

आता काही न लपवणारा, तुझाच

बाबा