कविताची तारीख

बुधवार, ४ मार्च. संध्याकाळ, सेनगाव.

गाडी येईपर्यंत लिहिते. तांड्यावरची कविता आज दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत आहे, अजून नीट रडलेलं नाही.

दुपारी तिथल्या आशा सेविकाताईंचा फोन आला. "मॅडम, तुमच्या यादीत कविताचं नाव काहून न्हाई? नाव न्हाई म्हणून म्या गाडी सांगितली न्हाई." आरोग्य केंद्रात दिवस भरत आलेल्या बायांची यादी मीच काढते, त्यावरूनच गाडी ठरते. कॉम्प्युटरवर शीट उघडली. कवितासमोर तीन एप्रिल! सिस्टरच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ४/३ होतं, म्हणजे आजचीच तारीख. फाइल शीटमध्ये घेताना दिवसाचा महिना झाला आणि महिन्याचा दिवस.

मला दिसलं होतं की. काही तारखा डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे. डावीकडच्या बिघडल्यात असं समजून हाताने नीट केल्या. उजवीकडच्या बराबर वाटल्या, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उलटलेल्या नेमक्या त्याच होत्या: दिवस बारापर्यंतचा असला की शीटने त्याचा महिना केला. काहून नाही बघितलं?

कविताच्या सासूला फोन लावतानाही त्या उजवीकडच्या तारखाच डोळ्यांपुढे. "मावशी, माझ्यामुळं झालं हे." त्या म्हणाल्या, "तुला काय बोलायचं ते नंतर बोलीन. आधी बाकीच्या बायांला फोन लाव."

तारीख चुकलेल्या अजून सहा जणी निघाल्या. पाच जणींना फोन लागला. सहावीचा बंद आहे, आणि तिची खरी तारीख परवाची, सहा मार्च. डॉक्टरांना सगळं सांगून गाडी मागवलीय. तिच्या गावाला मी स्वतः जाणार. हॉर्न वाजला, निघते.