देवीच्या मागची उशी

लामदुआन,

तुला उठवलं नाही. उठली असतीस तर "पुन्हा ती बोट!" म्हणाली असतीस. हो, तीच बोट. गेल्या महिन्यात बॅटरी बसली नि आपण दुपारभर तरंगत राहिलो, ती चूक माझीच. तेव्हापासून तू बोटीत पाय ठेवला नाहीस.

आता दोन लिथियम बॅटऱ्या जुन्यांच्याच जागी, बोटीच्या पुढच्या टोकाला, फ्यूजसकट कोरड्या पेटीत पट्ट्याने आवळून बसवल्यात. फ्रिजमागचा जुना चार्जर त्यांना चालत नाही, कुणाला लावू देऊ नकोस.

एकच घोटाळा झाला. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या साठ किलोच्या होत्या, या जेमतेम वीस. त्यामुळे बोट नाक वर करून चालते, तुझ्या बहिणीसारखी. मिस्त्री म्हणाला, "काका, नाकावर वाळूचं पोतं टाका." मी म्हटलं, "अरे, तिथं बोटीची देवी राहते. रोज हार बांधतो तिला, नि आता पोतं?"

म्हणून देवीच्या मागच्या फळीवर उशी ठेवली आहे. चाळीस किलो पुरेत. जास्त झाले तर मी मोजणार नाही. दुपारपर्यंत किनाऱ्यालगतच फिरवतोय. वल्हीही दोन घेतलीत. बघ, मी शिकतो.

नुसत्या उशीने नाक खाली येत नाही. ये.

प्रासर्त